गॅरेजचं वर्कशॉप करतोय : एसी, कूलर की आणखी काही? (नवी मुंबई)

रंधा

नमस्कार मंडळी. नेरूळला आमचं प्लॉटवरचं जुनं घर आहे. घराला लागून गॅरेज, आतून १० फूट रुंद, १८ फूट लांब, उंची ९ फूट. वर उघडी गच्ची, पश्चिमेला ८ बाय ७ चं रोलिंग शटर, मागच्या भिंतीत एक लहान खिडकी. गाडी आता बाहेरच उभी असते. बाबा ७१ वर्षांचे आहेत. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांची नोकरी झाली. निवृत्तीनंतर ते गॅरेजमध्ये लाकडी खेळणी करतात आणि जवळच्या बालवाडीला देतात. एक छोटा लेथ, बँडसॉ, ड्रिल आणि हाताची हत्यारं असा पसारा आहे.

एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर तिथे उभं राहवत नाही. जुलैत उकाडा जरा कमी होतो, पण लेथच्या बेडवर रात्रीतून तांबेरा चढतो. बाबा काम थांबवणार नाहीत आणि त्यांनी थांबवावं असं मलाही वाटत नाही. त्यांना तिथे नीट काम करता यावं म्हणून लाखभर रुपये बाजूला ठेवलेत. एका दुकानदाराने मोठा डेझर्ट कूलर सुचवला, दुसऱ्याने चाकांवरचा पोर्टेबल एसी. तुम्ही काय कराल?

कुठूनकुठे

दीड टनाचा स्प्लिट लावा आणि मोकळे व्हा.

खाडीकाठ

कूलर तेवढा घेऊ नका. तो दुकानदार नागपूरला असता तर त्याचा सल्ला बरोबर ठरला असता. कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा गार करतो, म्हणून हवा आधी कोरडी हवी. मे महिन्यात नागपुरात दुपारी ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरली, तर ओल्या फडक्याच्या थर्मामीटरवर साधारण २३ अंश दिसतात. चांगला कूलर तिथे २७-२८ अंशांची हवा देतो, म्हणजे सोळा अंशांचा फरक. आपल्याकडे ३४ अंश आणि ६० टक्के धरा. इथे ओल्या फडक्यावरच साडेसत्तावीस दिसतात, त्यामुळे कूलरमधून येणारी हवा २९ च्या आसपास असते आणि आर्द्रता नव्वदीला टेकते. पाच अंश कमावण्यासाठी गॅरेजभर दमट हवा भरायची. माणसाला थोडं बरं वाटेल, पण बाबांच्या लेथचा विचार करा. लोखंडाला साधारण ६० टक्के आर्द्रतेच्या वर गंज धरायला लागतो, आणि खाडीची खारी हवा असेल तर त्याच्याही आधी.

सुतारपक्षी

खाडीकाठशी शंभर टक्के सहमत. हत्यारं असलेल्या खोलीत कूलर नको म्हणजे नकोच.

कोबा

मी बांधकामातला माणूस, म्हणून यंत्राकडे शेवटी वळतो. रंधा, तुमच्या गॅरेजमध्ये उष्णता येते कुठून ते आधी बघू.

पश्चिमेचं शटर म्हणजे सव्वापाच चौरस मीटरच्या आतबाहेर उघडा पत्रा. चार-पाच वाजता त्यावर हात ठेवून बघा, ठेववणार नाही. पत्रा ५५ अंशांवर गेला आणि आत तुम्ही २७ राखायला गेलात, तर ढोबळ हिशोबाने नुसत्या शटरमधून किलोवॅटभर उष्णता आत येते. एक टन एसी म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे एसीचा जवळजवळ तिसरा हिस्सा शटरशी झुंजण्यात जाणार. उघड्या गच्चीचा स्लॅब आणखी साधारण तेवढीच उष्णता देतो, आणि तो दिवसभर तापलेला असल्यामुळे सूर्य मावळला तरी रात्री नऊपर्यंत देतच राहतो. संध्याकाळी गॅरेज दुपारपेक्षा जास्त कोंदट वाटतं ते यामुळेच.

आता उपाय. गच्चीवर कोबा (विटांच्या तुकड्यांचा उताराचा थर) करून चायना मोझॅक केलेलं आहे का? पांढऱ्या तुकड्यांची लादी ऊन परतवते आणि खाली फरक जाणवतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग लवकरच करायचं असेल तर त्याच कामात वरून इन्सुलेशन घाला, म्हणजे स्लॅब मुळात तापणारच नाही. गच्ची धडधाकट असेल तर खालून ५० मिलीमीटरचा एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड किंवा रॉकवूल (दगडी तंतूंची गादी) आणि त्याखाली जिप्समचं छत. एवढ्याने स्लॅबमधून येणारी उष्णता सहाव्या हिश्श्यावर येते. उंची तीनेक इंच जाईल, जाऊ द्या. फक्त थर्माकोल किंवा एक्सपीएस उघडा ठेवू नका. तो पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. लाकडाचा भुसा असलेल्या खोलीत तो जिप्समने झाकलेलाच हवा.

शटरवर बाहेरून वेदरशेड काढा, निदान अडीच-तीन फूट. पश्चिमेचा पाऊसही शटरच्या फटींतून आत येतो, तोही अडेल. आतून शटरच्या मागे सिमेंट बोर्डची दुहेरी भिंत, मध्ये रॉकवूल, आणि माणूस जाईल एवढं एक दार. शटर रात्री सुरक्षेसाठी खाली ओढता येईल.

रंधा

कोबा, मनापासून आभार. मोझॅक आहे, पण जुनं, काळं पडलेलं. आतली भिंत बांधली तर गाडी परत कधी आत घेता येणार नाही. बाबांची त्याला हरकत नाही, मीच अडखळतोय.

कोबा

मग पक्की भिंत नको, फोल्डिंग पॅनेल करा. अॅल्युमिनियमच्या चौकटीत पफ (आत फोम भरलेलं) पॅनेल, मध्ये बिजागऱ्या, खाली रबराची पट्टी. खर्च थोडा चढेल. मोझॅक आधी घासून धुवा, मग त्यावर उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. तो दर दोन-तीन वर्षांनी परत द्यावा लागतो, कारण पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि पांढरेपणा गेला की फायदाही जातो.

वातानुकूल

एसी बसवण्याच्या आणि दुरुस्तीच्या धंद्यात आहे, वाशी-ऐरोली पट्ट्यातच काम करतो. कोबांनी सांगितलेलं केलंत तर १८० चौरस फुटांना एक टन पुरेल. काहीच न करता लावलात तर दीड टनही एप्रिलमध्ये धापा टाकेल. गरजेपेक्षा मोठा एसी लावणं आपल्या हवेत तोट्याचं आहे. तो खोली झटकन गार करतो आणि थांबतो. हवेतलं पाणी काढायला कॉइल बराच वेळ सलग थंड राहावी लागते. मोठ्या मशीनखाली खोली २४ अंशांवर येते, पण अंग चिकटच राहतं. म्हणून इन्व्हर्टर घ्या, म्हणजे तो हळू गतीने सतत चालत राहील. घेताना नुसते तारे बघू नका. ताऱ्यांचे निकष बीईई ही केंद्र सरकारची वीजबचतीची संस्था अधूनमधून कडक करते, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्या लेबलचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवरचं वर्ष आणि आयएसईईआरचा, म्हणजे विजेच्या मानाने एसी किती गारवा देतो त्याचा, आकडा वाचा. जितका मोठा, तितकं बिल कमी.

पोर्टेबलबद्दल विचारलंत. एका नळीचा पोर्टेबल खोलीतलीच गार हवा कंडेन्सरवरून फिरवून नळीने बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी फटींतून बाहेरची गरम, दमट हवा आत येणार. गॅरेजला फटी भरपूर. जिथे भिंतीला भोकच पाडता येत नाही अशा भाड्याच्या जागेत ठीक, तुमच्याकडे नको.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. खाडीची खारी हवा, ओहोटीला चिखलातून येणारा हायड्रोजन सल्फाइडचा वास आणि शेजारी एमआयडीसी. हा वायू तांब्याला खातो. वाशी, कोपरखैरणे, ऐरोलीत कॉइलला बारीक छिद्रं पडून गॅस गेल्याच्या तक्रारी माझ्याकडे सतत येतात. संरक्षक लेप असलेली कॉइल मागा आणि कॉइलच्या वॉरंटीचा कागद दुकानातच वाचा, कारण काही कागदांत गंज वगळलेला असतो. बाहेरचं युनिट खाडीच्या वाऱ्यासमोर उघडं ठेवू नका, पण बोळकांडीत कोंडूही नका. पंख्यासमोर मोकळी जागा हवी. काही लोक ते गॅरेजच्या आतच वर टांगतात. मग गॅरेजमधून काढलेली उष्णता परत गॅरेजमध्येच पडते.

आणि लाकडाचा भुसा. फिल्टर आठवड्याला धुवावा लागेल. बारीक धूळ फिल्टरमधून जाऊन ओल्या कॉइलवर बसली की तिचा लगदा होतो, ड्रेन तुंबतो आणि पाणी भिंतीवरून उतरतं. डस्ट कलेक्टर, म्हणजे भुसा ओढून घेणारं यंत्र, नसेल तर एसीच्या आधी तो घ्या.

मिनेसोटाकर

इथे आमचा प्रश्न बरोबर उलटा. जानेवारीत बाहेर उणे २५ आणि गॅरेजमध्ये बर्फाने माखलेली गाडी. लोक छताला टांगलेला गॅसचा युनिट हीटर लावतात. त्यात जळणासाठीची हवा बाहेरून घेणारा, बंद ज्वालेचा प्रकार चांगला. हल्ली मिनी-स्प्लिट हीट पंपही (उलटा चालून खोली गरम करणारा एसी) लावतात. थंड प्रदेशासाठी बनवलेले काही उणे २५ ला सुद्धा उष्णता देतात. पण इथेही जाणकार पहिलं हेच सांगतात की आधी भिंती, छत आणि गॅरेजचं दार इन्सुलेट करा.

नवी मुंबईत हीटरची गरज नाही. 'हॉट अँड कोल्ड' मॉडेलसाठी जास्त पैसे देऊ नका, ते दिल्ली-चंदीगडकडे कामाला येतं. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी, म्हणून कळकळीने लिहितो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. अमेरिकेत गॅरेजमधली ठिणगी पाडू शकणारी उपकरणं जमिनीपासून १८ इंच वर बसवायचा नियम त्यासाठीच आहे. आणि स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. पुढे कधी गाडी आत घेतलीत तर बंद गॅरेजमध्ये इंजिन एक मिनिटही चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरात उघडणारं दार असेल तर त्याला घट्ट बसणारी रबरपट्टी लावा.

रंधा

घरात उघडणारं दार आहे आणि त्याखाली बोटभर फट आहे. आजच बघतो. थिनर आणि लॅकरचे डबेही तिथेच असतात.

सुतारपक्षी

लॅकर मारताना एसी बंद, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू. डबे जमिनीवर नकोत. बाहेर सावलीत लोखंडी कपाट करा, त्यात ठेवा.

आता पावसाळ्याबद्दल. माझ्या मते तुमच्या बाबांच्या कामाला उन्हाळ्यापेक्षा जुलै जास्त त्रास देतो. लाकूड हवेशी पाण्याची देवघेव करत राहतं. आर्द्रता ८५-९० टक्के असताना लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १८-२० टक्के पाणी असतं, ५०-५५ टक्क्यांना साधारण १० टक्के. जुलैत घट्ट बसवलेलं चाक नोव्हेंबरात आसावर खुळखुळतं ते यामुळे. सावंतवाडीला खेळण्यांसाठी पांगारा वापरायची रीत आहे. हलकं, मऊ लाकूड, पण तेही आधी नीट वाळवावंच लागतं. मुलांच्या हातातली वस्तू आहे, सांधा सुटून लहान तुकडा तोंडात जाता कामा नये. म्हणून मी खोलीची आर्द्रता ५५ च्या आसपास राखणं हा या सगळ्या खर्चाचा मुख्य हेतू मानतो. आधी दोन-चारशे रुपयांचा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) घ्या आणि भिंतीवर टांगा. त्याचे आकडे बघितल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी काढणारं यंत्र, हा वेगळा पर्याय आहे. कॉम्प्रेसरवाला घ्या. त्याच्या खोक्यावरचे 'दिवसाला इतके लिटर' बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली कोरडी होत जाते तसा तो कमी पाणी काढतो. शिवाय तो उष्णता बाहेर टाकत नाही, खोलीतच सोडतो. काढलेल्या प्रत्येक लिटर पाण्यामागे पाऊण युनिटच्या आसपास उष्णता खोलीत मोकळी होते, मोटारीची वेगळी. हत्यारांना ते चालतं, पण माणूस घामाघूम होतो. म्हणून बाबा काम करताना एसी आणि रात्री खोली बंद असताना डिह्युमिडिफायर, अशी जोडी मला पटते.

आणि पैसे कमी पडले तर हत्यारांचं एक घट्ट कपाट करा, त्यात तळाशी जुना, तारेचा पिवळा बल्ब. हवा पाच अंशांनी गरम झाली की ८५ टक्के आर्द्रता ६५ वर उतरते, पाणी तेवढंच राहिलं तरी. मिनेसोटाकरांना सांगायला हरकत नाही की आमच्याकडचं हीटिंग एवढंच, कपाटापुरतं. बल्बला जाळी लावा आणि कापूस, चिंध्या लांब ठेवा. लेथच्या बेडवर रात्री मशीन ऑइलचा हात फिरवायचा, हे बाबांना मी सांगायला नको.

येऊरपायथा

मला एक विचारायचंय. एसी खरंच हवा का? ठाण्यात आमच्या शेडमध्ये वर पांढरा रंग, समोरासमोर दोन खिडक्या आणि एक बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा) पंखा आहे. पंखा ३० वॅटच्या आसपास घेतो, जुना ७५ घ्यायचा. अंगावर वारा असला की दोन-तीन अंश कमी वाटतात. सकाळी सात ते अकरा काम करायचं, दुपारी विश्रांती. आपले आजोबा असंच करायचे.

खाडीकाठ

येऊरपायथा, तरुण माणसाला आणि मोकळ्या शेडला तुमचं म्हणणं लागू पडतं. इथे खिडकी एकच आहे आणि माणूस सत्तरीपुढचा. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रवारा दुपारी उशिरा सुटतो तेव्हा पारा एकदम चढतो. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, आणि पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की शरीराला थंड व्हायचा दुसरा मार्ग उरत नाही. वयानुसार तहानही कमी लागते. सकाळी काम करण्याचा सल्ला मात्र सोन्यासारखा आहे, तो एसी लावूनही पाळावा.

येऊरपायथा

वयाचा मुद्दा मान्य. पण पंखा एसीच्या जोडीला तरी लावाच. मग एसी २७ वर ठेवला तरी चालतं.

वीजमीटर

बिलाचं बोलू. एक टन इन्व्हर्टर, इन्सुलेशन केलेली खोली, रोज पाच तास. तासाला सरासरी ०.६ ते ०.८ युनिट धरा, महिन्याला शंभर युनिट. महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. घरात आधीच २८० जात असतील तर ही शंभर युनिटं बहुतेक सगळी ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात पडतील. त्यामुळे परतफेड मोजताना सरासरी दर धरू नका, वरच्या टप्प्याचा धरा. तसा हिशोब केला की कोबांचं छत किती स्वस्त आहे ते कळतं.

वीजजोडणीचा मंजूर भार तपासा. एसी, बँडसॉ आणि उद्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर एकदम चालला तर जुन्या घराच्या जोडणीला झेपणार नाही. एसीला वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की पडणारा स्विच), सगळ्या गॅरेजला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग मोजून घ्या. आणखी एक. बाबा खेळणी देतात तोवर ठीक, विकायला लागले तर वापर व्यावसायिक ठरू शकतो आणि दर वेगळा लागतो.

घोडबंदरकर

मध्येच विचारतो. आमच्या सोसायटीत स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, माझी पार्किंगची जागा आहे. तीन बाजूंनी पार्टिशन करून असंच वर्कशॉप करता येईल का?

कागदपत्रं

नाही. स्टिल्टमधली जागा सोसायटीच्या सामाईक वापराची असते. बिल्डरला ती 'गॅरेज' म्हणून वेगळी विकता येत नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तिथे भिंती घालणं नियमबाह्य आहेच, शिवाय आग लागली तर सगळ्यांची वाट अडते. रंधा, तुमचंही बघा. मंजूर नकाशात ती जागा गॅरेज म्हणून चटईक्षेत्राबाहेर धरलेली असेल तर तिची राहती खोली करणं हा वापरबदल ठरेल. काढता येणारी फोल्डिंग पॅनेल आणि जागच्या जागी ठेवलेलं शटर, हे त्या दृष्टीनेही बरं. वेदरशेडची परवानगी आर्किटेक्टला विचारून घ्या.

खाडीकाठ

राहिलंच होतं. नेरूळ-वाशीची बरीच जमीन भरावाची. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की पाणी उतरायला वेळ लागतो, सिडकोने पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव बांधले ते त्यासाठीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पाऊस पडला होता. गॅरेज घराच्या जोत्यापेक्षा खाली असतं. सगळे प्लग तीन फुटांवर घ्या, डिह्युमिडिफायर ओट्यावर ठेवा, बाहेरचं युनिट ब्रॅकेटवर.

रंधा

सगळ्यांचं वाचून बाबांपुढे ठेवलं. ते हायग्रोमीटर आणायला लगेच निघाले आणि आता आकडे वहीत लिहून ठेवतायत. क्रम असा ठरला : मोझॅक धुऊन रंग, एक्सपीएस आणि जिप्समचं छत, शटरमागे पफ पॅनेल, घराच्या दाराला रबर, वायरिंग. मग एक टन इन्व्हर्टर आणि पंखा. डिह्युमिडिफायर जूनमधले आकडे बघून. थिनरचे डबे बाहेर गेले.

एक शेवटची शंका. डस्ट कलेक्टरचं तोंड खिडकीतून बाहेर काढू का, म्हणजे धूळ कायमची गेली?

वातानुकूल

एसी चालू असताना नको. कलेक्टर मिनिटाला शेकडो घनफूट हवा ओढतो. ती बाहेर सोडलीत तर तुमची गार, कोरडी हवा काही मिनिटांत संपेल आणि फटींतून दमट हवा आत येईल. बारीक फिल्टरचा कलेक्टर घ्या आणि हवा आतच सोडा. बाबांनी घासकाम करताना मास्क लावावा, अगदी बारीक धूळ फिल्टरमधूनही थोडी सुटते. आणि जिप्सम लावायच्या आधी मला किंवा तुमच्या एसीवाल्याला बोलवा. ड्रेनच्या पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार हवा, पावसाळ्यात तासाला लिटरभर पाणी सहज येतं. भोक पाडायची जागा आधी ठरली तर नवं छत फोडावं लागणार नाही.